टाचेचा ठोका

माझा मुलगा आणि माझी सून, असा दोघांचाच बँड. तो ड्रम वाजवतो, ती गिटार वाजवते आणि गाते. तिसरं माणूस नाही. लोक विचारायचे, बाकीचे कुठायत? मी सांगायची, बाकीच्यांचं यांच्याशी पटत नाही. ते फार खोटंही नव्हतं. पण दोघं वाजवायला लागले की पाच जणांचा आवाज काढत. मी आई आहे म्हणून म्हणत नाही. आई म्हणून मी त्यांना जे काही म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुलाला आम्ही लहानपणापासून ठोक्या म्हणतो. सुनेला मी बाईसाहेब म्हणते. तिला झोंबावं म्हणून सुरू केलं होतं, तर ती निर्लज्जासारखी ओ द्यायला लागली. आमची लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी धुण्याची. तिच्या मागच्या खोलीत, मशिनांच्या घरघरीत, हे दोघं सराव करायचे. कार्यक्रम असला की चादरींची गाडी यांच्या सामानाला, आणि चालवायला मी. बाईसाहेबांना गाडी येत नाही आणि ठोक्याच्या हाती मी देत नाही. तिथे पोचले की दाराशी टेबल मांडून यांचे टी-शर्ट विकायचे. एकदा एका मुलीने लाडीगोडीने विचारलं, "आजी, तुम्हाला आवडतं हे संगीत?" म्हटलं, "मी इथे आवडून घ्यायला बसले नाही. माप सांग."

त्यांची वाजवायची रीत निराळी होती. बाकीच्या बँडांत ड्रमवाला मागे, अंधारात. हे दोघं स्टेजच्या कडेला शेजारी शेजारी, एकमेकांकडे तोंड करून. ठोक्या अनवाणी बसायचा. बाईसाहेब उजवी टाच लाकडी फळ्यांवर आपटायची आणि तो त्या टाचेवर वाजवायचा. त्यांच्या एका गाण्यात मधेच दोघं गप्प होतात. एकदम सगळं बंद. किती वेळ, ते ठरलेलं नाही. रोज वेगळं, तिच्या मनाला येईल तेवढं. लोक श्वास धरून उभे. मग टाच पडते आणि दोघं एकत्र तुटून पडतात. त्या एका जागेसाठी लोक गावोगावहून यायचे.

ठोक्याचा डावा कान केव्हाच गेला होता. घरात त्याची थट्टा चालायची, त्याच्या डाव्या बाजूला बसून त्याला शिव्या द्यायची माझी सवय होती. मग तो उजवीकडूनही "काय?" म्हणायला लागला. कानाच्या डॉक्टरकडे तो मला घेऊन गेला, बायकोला नाही. डॉक्टरने गोल गोल काही सांगितलं नाही. म्हणाला, ड्रम बंद करा, नाहीतर उजवाही जाईल, आणि गेलेला कान मी काय, कुणीच परत आणत नाही.

जिना उतरताना ठोक्या म्हणाला, "आई, तिला बोलू नकोस. मैदानावरचा कार्यक्रम होऊ दे."

"आणि मग?"

"मग बघू."

सुनेपुढे आपल्या मुलात खोट काढायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मी गप्प बसले. पण बाई डोळस. दुसऱ्याच आठवड्यात तिने चांभाराकडून बुटाच्या टाचेला लोखंडी पट्टी ठोकून आणली. मी म्हटलं, "आता घोड्यासारखी नाल मारून घेतलीस?"

"फळीवर ठोका बरा बसतो, आई," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. कान गेलेल्या माणसाला आवाज पायातून पोचवायचा, हे तिने आपलं आपण शोधलं होतं. मीही काही विचारलं नाही, तिनेही नाही. एका छपराखाली तिघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो आणि जेवताना मीठ कमी-जास्त यावर भांडत होतो.

मैदानावरच्या त्या कार्यक्रमाला एक बुकिंगवाला येणार होता. एक नावाजलेला बँड पुढचा सगळा मोसम गावोगाव फिरणार होता, त्याच्याआधी कुणी वाजवायचं ते हा माणूस निवडणार होता. ठोक्याने त्या दिवसासाठी दात आवळून कान सांभाळला होता. घरात टीव्हीचा आवाजसुद्धा चालू देत नव्हता.

तिथे पोचलो तर स्टेज भलं मोठं, खाली जाड रबर अंथरलेलं. ड्रम मांडायला मागच्या बाजूला चाकांचा उंच चौथरा. एका बँडचं झालं की चौथरा ढकलून बाहेर, दुसऱ्याचा आत. ठोक्या म्हणाला, आमचे ड्रम खाली, पुढे कडेला पाहिजेत. स्टेजवाला कानाला बोलायचं यंत्र लावून फिरत होता, थांबलासुद्धा नाही. "नाही होणार. पुढच्यांचा खोळंबा होतो."

मी आडवी गेले. "अरे बाबा, दोनच तर माणसं आहेत. त्यांना शेजारी बसवायला तुझं काय जातं?"

"आजी, तुमचं टेबल तिकडे आहे."

बाईसाहेब ठोक्याच्या उजव्या कानाशी वाकली. "आज नको वाजवूया. दुसरा दिवस मिळेल."

"का? काय झालं?" तो म्हणाला. "चौथऱ्यावरून तुझी टाच दिसते मला. दिसली की झालं."

का, हे तिला सांगायचं असतं तर आधी सगळंच सांगावं लागलं असतं. ती गेली आणि गिटार लावायला बसली.

पहिली दोन गाणी निभावली. मी टेबल तसंच टाकून पुढे जाऊन उभी होते. तिने टाच उचलली की त्याचे डोळे तिथेच, मांजराने बिळावर ठेवावेत तसे. मग ते थांबायचं गाणं आलं. दोघं थांबले. मैदान गप्प झालं. आणि कुणा शहाण्याने नेमका तेव्हा स्टेजवर धूर सोडला. पांढरा, जड धूर, गुडघ्यापर्यंत. टाच दिसेना. रबरावर पट्टीचा आवाज कसला होतो, आणि झाला तरी तो चौथऱ्यावर चढतो कसला.

ठोक्याने अंदाजाने सुरुवात केली. ती टाच आपटायच्या आधीच.

तिने गिटारवर धावत त्याला गाठायचा प्रयत्न केला, पण तो भलतीकडेच होता. असं बिनसलं की त्यांची एक जुनी रीत होती: एकाने थांबायचं, दुसरा लगेच थांबतो, टाच पडते, पुन्हा सुरू. ती थांबली. गिटारवर हात ठेवून तारा गप्प केल्या आणि मागे वळून त्याच्याकडे बघत राहिली.

तो थांबला नाही. डोळे मिटलेले, मान खाली, अंगातून घाम निथळतोय, आणि तो वाजवतोय. असा वाजवताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. लोकांना वाटलं, हेच गाणं आहे. ते टाळ्यांचा ठेका धरायला लागले. सगळं मैदान त्याच्याबरोबर, आणि त्याच्या बायकोचे हात मोकळे. माझ्या शेजारचा माणूस शिट्टी मारून म्हणाला, "काय एकटा वाजवतोय, बघा." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तसा तो जरा सरकून उभा राहिला.

शेवटी ती चौथऱ्यावर चढली आणि त्याच्या पायाशी टाच आपटली. त्याने डोळे उघडले, तिला बघून हसला. लाडात आली असं वाटलं त्याला. दोघांनी मिळून गाणं संपवलं.

स्टेजमागच्या कापडी तंबूत ठोक्या मला मिठी मारायला आला, ओल्या गोधडीसारखा. "आई, आज काय जमलं गं. आज ही अशी वाजवत होती ना."

बाईसाहेब खुर्चीवर बसून बुटाचे बंद सोडत होती. तिने मान वर केली नाही.

तेवढ्यात बुकिंगवाला आला. ठोक्याच्या समोर उभा राहून, मोठ्या आवाजात बोलणारा माणूस, त्यामुळे ठोक्याला सगळं ऐकू आलं. "ती एकट्याची जागा रोज पाहिजे, रोज अशीच. पुढच्या महिन्यात निघायचं. येताय?"

"येतोय," ठोक्या म्हणाला. त्याला 'एकट्याची जागा' म्हणजे काय ते उमगलं नाही. कौतुकच असणार असं समजून तो हसत होता.

"नाही येत," बाईसाहेब खाली बघूनच म्हणाली.

बुकिंगवाला एकदा तिच्याकडे, एकदा याच्याकडे. "ठरवा तुमचं. मी बाहेर आहे."

तो गेल्यावर ठोक्याने मला विचारलं, "काय म्हणाली ही?"

मी त्याच्या उजव्या कानाशी गेले. "नाही येत म्हणाली."

त्याचा चेहरा उतरला नाही, तापला. "तू सांगितलंस तिला. डॉक्टरचं."

"मी कशाला सांगू? तिला डोळे नाहीत?"

बाईसाहेब उठली, त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "तू आज एकटा वाजवत होतास. मी थांबले होते."

"केव्हा?"

"थांबायच्या जागेनंतर. वर चढून आले तोपर्यंत."

"खोटं. मला ऐकू येत होतीस तू."

त्याने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही; गिऱ्हाइकाशी, नातेवाइकांशी, देवाशीसुद्धा बोलले आहे. पण त्या लोकांच्या टाळ्या घेऊन याला मोसमभर रोज तिथे बसवायचा आणि घरी आणायचा तो ठार बहिरा, हे माझ्याने झालं नसतं.

"थांबली होती," मी म्हटलं.

"खूप वेळ?"

"लोकांना टाळ्या धरायला वेळ मिळाला, एवढा."

तो खाली बसला, सामानाच्या खोक्यावर. हातातल्या काठ्या बघितल्या, जशा दुसऱ्या कुणाच्या असाव्यात. म्हणाला, "मग मी काय ऐकत होतो?" हे आम्हाला विचारलेलं नव्हतं.

मग उठला आणि अनवाणीच बाहेर गेला. आम्ही मागे. बुकिंगवाला कुंपणाशी उभा होता. ठोक्या त्याला म्हणाला, "माझं नाही जमणार. कान गेलेत." एवढं सरळ, जसं कुणी पत्ता सांगावा. आणि लगेच पुढे, "ही येईल. दुसरा ड्रमवाला बघा, तिची टाच बघून वाजवणारा. बाकी काही शिकवावं लागणार नाही."

"मला विचारलंस?" बाईसाहेब मागून म्हणाली.

तो वळला नाही. ती पुन्हा म्हणाली, जोरात, माणसं बघायला लागली इतक्या जोरात. तो बुकिंगवाल्याशी बोलतच होता, तिला कुठल्या उंचीचा माइक लागतो, घशासाठी गरम पाणी ठेवावं लागतं, कुठल्या गाण्यानंतर तिला दम घ्यायला वेळ द्यायचा. मी तिथेच होते, त्याच्या उजव्या हाताला, आणि तरीही त्याला तिचं ऐकू आलं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी विचारलंही नाही.