आईच्या खुर्चीचा ब्रेक

मी व्हीलचेअरचा एक जुना ब्रेक आहे. गेली सहा वर्षे कोर्टाच्या कपाटात, गळ्यात नंबराची चिठ्ठी घेऊन पडलो आहे.

मित्रांनो, मला एका फिटरने घडवले. त्याची आई खुर्चीतून उठायला गेली, खुर्ची मागे सरकली आणि तिचे मनगट मोडले. तिचे प्लास्टर निघेपर्यंत मी तयार होतो. माणूस उठला की गादीखालची स्प्रिंग वर यायची आणि मी दोन्ही चाके गच्च धरायचो. आई निर्धास्त उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकापेक्षा हाच जास्त ऐकतो बाई!"

आईचे प्लास्टर काढणाऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला पाहून आणखी ब्रेक मागवले. फिटरने गाळा घेतला, दोन कारागीर ठेवले. उतारावर खुर्ची आपोआप हळू व्हावी, असे नवे यंत्रही त्याच्या डोक्यात घोळत होते. त्याची चित्रे त्याने भिंतीवर चिकटवली होती.

अशात एका मोठ्या कंपनीची नोटीस आली, पाठोपाठ कोर्टात दावा. वजन उठताच चाक अडवणाऱ्या कोणत्याही रचनेचे पेटंट म्हणे तिच्याकडे होते. तिने स्वतः असा एकही ब्रेक कधी बनवला नव्हता.

फिटरच्या वकीलबाई म्हणाल्या, "त्यांच्या पेटंटच्या अर्जाआधी तुम्ही हा बनवलात, हे मला पटतंय. पण तारखेचा काही कागद?"

"कागद कशाला करू, ताई? आईसाठी केला होता."

"मग साक्षीदार आणा."

नर्सबाईंना नोकरीची धास्ती वाटली. मला घडताना पाहिलेला शेजारी म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, बाबा." कोणीच आले नाही.

निकाल लागेपर्यंत काम बंद ठेवण्याचा कोर्टाचा हुकूम झाला. कारागीर पांगले. पुरावा म्हणून मला आईच्या खुर्चीवरून काढले आणि तिथे हाताने लावायचा साधा ब्रेक बसवला. एका दुपारी आई तो लावायला विसरली. या वेळी खुबा मोडला. त्या दुखण्यातून ती उठलीच नाही.

पुन्हा असा ब्रेक बनवणार नाही, असे लिहिलेल्या कंपनीच्या कागदावर फिटरने सही केली.

"अहो, अजून आपण जिंकू शकतो," वकीलबाई म्हणाल्या.

"आता कोणासाठी, ताई?"

भिंतीवरची चित्रे त्याने फाडून टाकली, असे वकीलबाईंच्याच तोंडून ऐकले. आता तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मला परत न्यायला तो आला नाही.

मित्रांनो, काही नवे सुचले तर तारीख घालून लिहून ठेवा, जाणत्याला दाखवा. आणि तुमच्या गल्लीत कोणी असा एकटा लढत असेल, तर तुम्ही जे डोळ्यांनी पाहिले ते तिथे उभे राहून सांगा. माझ्यासारखी वस्तू पुन्हा घडवता येते. माणसाचा घडवणारा हात एकदा थांबला की तो थांबलाच.