सव्वीस गुरुवारांची होडी

चाकणहून समुद्र किती लांब, असं तिथल्या कुणाला विचारलंत तर तो आधी तुमच्याकडं बघेल, मग आभाळाकडं बघेल आणि सांगेल, "लई लांब." तरीसुद्धा एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली चाकणच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दोन शेतं आत, एका बाभळीखाली समुद्रात जाणारी होडी उभी होती. तीही साधीसुधी नव्हे. दोन लांबट, निमुळती पोटं आणि त्यांच्या मधोमध फळ्यांचा ओटा, म्हणजे जू टाकलेली बैलजोडीच. शिकलेली माणसं तिला कॅटमरान म्हणतात. तिचे मालक बबनराव टेमगिरे तिला 'जोडी' म्हणत, आणि त्यांच्या बायको गवराबाई 'ही बला' म्हणत.

ती तिथं आली कशी, तर ट्रकमधून. बबनरावांचा मेव्हणा ज्योतीराम चाकणचा कांदा मुंबईला पोचवी, आणि परतताना गाडी रिकामी आणणं त्याच्या जिवावर येई. कधी भंगार, कधी फरशा, एकदा तर नाटक कंपनीचं अख्खं सिंहासन. त्या खेपेला भाऊच्या धक्क्यावर एक गोरा साहेब पैसे संपले म्हणून विमानानं घरी निघाला होता आणि होडी काही विमानात मावत नव्हती. ज्योतीरामनं ती बबनरावांच्या कांद्याच्या पैशांतून, कांद्याच्या भावात उचलली. ट्रक सोळा फुटी, होडी तीस फुटी. खंडाळ्याच्या घाटात एका वळणावर होडीचं नाक एका हॉटेलाच्या खिडकीतून आत गेलं आणि पुढच्या दारानं बाहेर आलं, ते वड्यांचं ताट घेऊनच. ज्योतीराम सांगे, वडे लोणावळ्यापर्यंत गरम होते.

तर ही होडी विकायची आहे, हे पिंपरीच्या कारखान्यातल्या गुरुदत्त चांदोरकरला गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी कँटीनमध्ये कळलं, आणि त्याच्या हातातला चहा थंड झाला.

गुरुदत्त एकोणीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होता. गिअरचे दाते मोजायचे, बरोबर असला की हिरवा ठिपका, चुकला की लाल. त्या खोलीला खिडकी नव्हती, कारण उन्हानं मापं फुगतात. त्याच्या हातून चुकीचा दाता कधी सुटला नाही आणि बरोबर दाताही सहजासहजी सुटला नाही. त्याच्या लग्नात मंगलाष्टकं थांबवून त्यानं अंतरपाट एका बाजूनं दोन बोटं खाली असल्याचं भटजींना दाखवलं होतं, असं चिंचवड गावठाणात लोक अजून सांगतात.

अशा माणसाला खिडकी नसलेल्या खोलीत समुद्राचं वेड लागलं. नोकरी सोडायची, होडी घ्यायची, बायको अरुंधती आणि मुलगी सुमेधा यांच्यासह तिच्यातच राहायचं. दोन वर्षं. अलिबागहून मालवण, कारवार, खाली कोचीनपर्यंत. दोन पोटांचीच होडी हवी, कारण ती कलंडत नाही, ओट्यावर पाट मांडून जेवता येतं. अरुंधतीला तर महाबळेश्वरच्या एसटीतही लिंबू हुंगत बसावं लागे.

नवल असं की अरुंधती हो म्हणाली. ती शाळेत भूगोल शिकवायची. "बावीस वर्षं मी नकाशावर काठी फिरवतेय, एकदा काठीच्या टोकाशी जाऊन तरी बघू," ती म्हणाली. पवनेच्या डोहात ती पोहायला शिकली, सुमेधेलाही शिकवलं. तीन वर्षं टिकेल असं लिंबाचं लोणचं घातलं. अट एकच होती. चिंचवड स्टेशनजवळच्या नव्या सोसायटीत त्यांचा नंबर लागला होता आणि चेअरमननं दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. "दसऱ्याच्या आत होडी पसंत करा," अरुंधती म्हणाली. "नाहीतर तो पैसा फ्लॅटला जाईल, सुमेधा कॉलेजात जाईल, आणि मग समुद्राचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही."

तोवर तीन होड्या रिजेक्ट झाल्या होत्या. मुंबईच्या एका निवृत्त कॅप्टनची किंमत ऐकून गुरुदत्तनं खुर्चीचा हात धरला होता. दुसरी गोव्यात होती. तिच्या मालक नवरा-बायकोनं भांडून एकेक पोट वाटून घेतलं होतं, आणि दोघंही आपापलं अर्धं विकायला तयार होते, पण एकाच माणसाला नाही. तिसऱ्या होडीत स्वयंपाकाची जागा अशी की पोळी लाटायची तर लाटणं उभं धरावं लागे. परवडणारी, तिघं झोपतील अशी, शेगडीला कोनाडा आणि पाण्याला टाकी असलेली होडी सगळ्या हिंदुस्थानात एकच उरली होती, आणि ती घरापासून एसटीनं तासाभरावर, बाभळीखाली होती.

पिंपरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळेला रविवारी. म्हणून अरुंधतीला जाता येईना. पाडव्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी गुरुदत्त एकटाच गेला. होडीभोवती तीन चकरा मारून त्यानं पिशवीतून कागद काढला. कागदावर होडीचं चित्र, चित्रावर एकशे चार ठिपके.

"ह्ये काय देवी आल्याती व्हय तिला?" बबनरावांनी विचारलं.

"तपासणीच्या जागा. लाकूड वरून चांगलं दिसतं, आतून सडलेलं असतं. प्रत्येक ठिपक्याला भोक पाडून नमुना काढायचा."

"पाडा की. पर घेनार हायसा ना? मग इसार द्या थोडा. म्हंजे तुमीबी मोकळं, आमीबी मोकळं."

"पास झाल्याशिवाय इसार नाही," गुरुदत्त म्हणाला. "पद्धत आहे ती."

त्यानं गिरमिट काढलं आणि पहिलं भोक पाडलं, बोट जाईल एवढं. आतून निघालेला लाकडाचा गोल तुकडा नखानं दाबला, मोडला, हुंगला, वर्निअरच्या मोजपट्टीनं मोजला. घट्ट, कोरडा, उत्तम. भोकाभोवती खडूनं वर्तुळ, आत एक आकडा, खाली तारीख आणि 'ओके'. दुपारपर्यंत चार भोकं झाली. शेवटची एसटी चारची.

"भोकं बुजवायची न्हाईत?"

"सगळी एकदम. फायनल झाल्यावर. मधेच बुजवली तर तपासणीला काय अर्थ राहिला?"

बबनरावांनी गवराबाईंकडं पाहिलं. गवराबाई म्हणाल्या, "शिकल्याला मानूस हाय, असंल काहीतरी."

चैत्र संपला, कांदा निघाला. बबनरावांच्या कांद्याच्या चाळीत जागा पुरेना. मागच्या वर्षी उरलेला कांदा त्यांनी याच होडीत भरला होता, तो आषाढात असा सडला की वासानं कोल्हेसुद्धा राजगुरुनगरकडं राहायला गेले. तरी यंदाही दोन्ही पोटं कांद्यानं भरली. "तुमी घेसतवर रिकामी कशापायी ठिवू?" ते म्हणाले. गुरुदत्तची हरकत नव्हती. त्याचं काम बाहेरून होतं.

दर गुरुवारी चार भोकं. वैशाखात गिरमिटाची मूठ तापायची. ज्येष्ठात एसटी पंक्चर. आषाढात ताडपत्रीखाली वाकून, चिखलात गुडघे टेकून. एका गुरुवारी विंचू निघाला. त्याचंही माप घेतलं असं बबनराव सांगत, पण बबनराव काहीही सांगत.

घरी दर गुरुवारी संध्याकाळी एकच संभाषण.

"काय झालं?" अरुंधती विचारी.

"छत्तीस झाली. सगळी पास."

"मग घ्या ना!"

"सदतिसावं नापास झालं तर?"

पुढच्या महिन्यात, "बावन्न झाली. सगळी पास."

"अहो, माझ्याबरोबर लग्न करताना किती जागी टोचून बघितलं होतंत?"

"म्हणूनच म्हणतोय," गुरुदत्त म्हणाला. मग तीन दिवस त्याला जेवणात मीठ मिळालं नाही.

श्रावणात सुमेधा म्हणाली, "बाबा, दोन महिन्यांनी माझी सहामाही. मी अभ्यास करू की सामान बांधू?" गुरुदत्तला स्वतःचाच राग येई. एसटीच्या खिडकीशी बसून तो ठरवी, आज गेल्या गेल्या बोलून टाकायचं, बबनराव, घेतली. पण होडीपाशी पोचला की तो पुढचा कोरा ठिपका दिसे, आणि हात पिशवीत जाई. ज्या दिवशी हिरवा ठिपका दिला त्या दिवशी जबाबदारी आपली, हे एकोणीस वर्षांत त्याच्या हाडात भिनलं होतं. गिअर तुटला तर मोटार थांबते. होडी फुटली तर? त्यात ह्या मायलेकी असणार होत्या. हे मात्र तो कुणाला सांगू शकला नाही. घरी तो फक्त आकडे सांगे.

दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी एकशे चारावं भोक पडलं. पास. गुरुदत्तनं गिरमिट पुसलं. त्याला वाटलं होतं छाती भरून येईल, पण नुसती कंबर दुखत होती. बबनराव बाजाराला गेले होते, म्हणून गवराबाईंनाच त्यानं सांगितलं, "दसऱ्याला सहकुटुंब येतो. इसार घेऊन."

गवराबाई काहीतरी बोलणार होत्या, पण एसटीचा भोंगा वाजला आणि तो पळाला.

दसऱ्याला शाळाही बंद, कारखानाही बंद. सकाळी अरुंधतीनं सुमेधेची पुस्तकं, स्वतःची नकाशाची काठी आणि नवऱ्याचं गिरमिट पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. "आज हे इथंच राहणार. पूजेतलं अवजार उचलायचं नाही," ती म्हणाली. गुरुदत्तच्या हाताला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिघं निघाली. अरुंधतीनं लोणच्याची बरणीही घेतली होती, होडीच्या कोनाड्यात बसते का ते बघायला.

बबनरावांनी आपट्याची पानं दिली, गळाभेट घेतली, चहा झाला. मग गुरुदत्तनं खिशातून पाकीट काढलं. "हा इसार, बबनराव. होडी पास."

बबनरावांनी पाकिटाला हात लावला नाही. ते उठले, होडीच्या पोटात वाकले आणि ओंजळभर कांदे गुरुदत्तच्या पुढ्यात ओतले. लालबुंद, टणक, खणखणीत.

"बघा साहेब. पाच म्हयने झाले. एक नासला न्हाई. चाळीतला निम्मा ग्येला, समद्या पंचक्रोशीतला ग्येला, आन् ह्यो बघा. तुमी भोकं पाडली न्हवं, बराब्बर हातभर अंतरानं, खालीवर, दोनी अंगानं. वारं असं खेळतंय आत! अशी कांदाचाळ सरकारी मानसाला जमायची न्हाई."

"पण ती होडी आहे!" गुरुदत्त ओरडला.

"व्हती," बबनराव शांतपणे म्हणाले.

"मी भोकं बुजवणार होतो. एकशे चार खुंट्या करून ठेवल्यात घरी, सागवानी!"

"म्हून तर इकत न्हाई."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"शब्द देत हुतो, साहेब. पैल्याच दिशी. इसार मागितला. तुमी म्हनलासा, पद्धत न्हाई." बबनरावांच्या आवाजात खोच नव्हती, त्यामुळं ते जास्त लागलं. "आन् म्या सव्वीस गुरुवार वाट बघितली. एका जरी गुरुवारी घेतो म्हनला असता, तर कांदा उकिरड्यावर वतून दिली असती. हिला इचारा."

"व्हय बाई," गवराबाई अरुंधतीला म्हणाल्या. "मलाबी ही बला नकोच व्हती. पर आता कशी देऊ? लेकीचं लगीन हाय तुळशीनंतर, समदं ह्या कांद्यावर."

गुरुदत्तनं तरी दुप्पट किंमत सांगितली, मग हात जोडले, मग रागानं ओट्याच्या फळीवर मूठ आपटली. फळी जराही हलली नाही. फारच मजबूत होडी होती.

अरुंधतीनं बरणी गवराबाईंच्या हातात दिली. "मी जरा आत जाऊ का?"

"जावा की, बाई."

तिनं चपला काढल्या आणि ती छोट्या दारातून आत उतरली. पाठोपाठ गुरुदत्त उतरला. आत कांद्यांच्या राशीशेजारी एका माणसापुरती फळी मोकळी होती. अरुंधती तिच्यावर आडवी झाली. तिच्या उंचीला ती फळी अगदी बेतानं पुरली. डोक्याशी शेगडीचा कोनाडा होता, पायाशी सुमेधेला पुरेल एवढी जागा. दोन्ही भिंतींतून बारीक गोल कवडसे तिच्या साडीवर पडले होते, रांगेत, एका मापाचे. बाहेर बाभळीत वारा होता आणि तो भोकाभोकांतून आत येत होता. डोळे मिटले तर कुठंही असल्यासारखं वाटलं असतं. तिनं डोळे मिटले नाहीत.

"पहिलं भोक कुठलं?" तिनं विचारलं.

गुरुदत्तनं कानाशी असलेलं भोक दाखवलं.

"त्याच्यात लाकूड कसं निघालं होतं?"

"उत्तम."

"ओके लिहिलंत?"

"लिहिलं. तारीखसुद्धा आहे बाहेर."

अरुंधतीनं त्या भोकात करंगळी घातली. ती आरपार गेली. बाहेरून सुमेधेनं ती हसत पकडली.

"मग दुसरं कशाला पाडलंत?" अरुंधती म्हणाली.

गुरुदत्त कांद्यांत घोट्यापर्यंत उभा होता. एकोणीस वर्षांत असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि कागदावर त्याच्यासाठी ठिपका नव्हता. अरुंधती उठली, तिनं पदर झटकला आणि त्याच्या वरच्या खिशातलं पाकीट स्वतः काढून घेतलं.

"चेअरमन सात वाजेपर्यंत भेटतात," ती म्हणाली. "चला. फ्लॅट बघायला मी एकटी जाईन. तुम्ही खालीच थांबा."