खोगीर चावते म्हणे

खोगीर म्हटले की तुम्हाला लगेच खोगीरभरती आठवते, हे मला ठाऊक आहे. हसा, मित्रांनो, आत्ताच हसून घ्या. पुढे हसण्यासारखे फारसे नाही. मी एक जुने खोगीर आहे, नारिन नदीच्या वरच्या अंगाला, किरगिझ डोंगरातल्या एका गावात राहतो. माझ्यावर एक आळ आला होता. तो उतरला खरा, पण ज्या रीतीने उतरला ते पाहता तो तसाच राहिला असता तरी मला चालले असते.

मला गावच्या खोगीर करणाऱ्या मुकाशआजोबांनी घडवले. नदीकाठचे एक भूर्जाचे झाड वादळात पडले होते. त्याचे लाकूड त्यांनी चुलीच्या धुरावर वाळवले आणि मग एर्मेकला अंगणात बोलावून ओल्या वाळूच्या पोत्यावर बसायला सांगितले. एर्मेक तेव्हा विशीतला, नव्या लग्नाचा. शेजारच्या बाया बघत होत्या, म्हणून तो अंग चोरून बसला.

"लाजतोस काय नवरीसारखा? पाय फाकून नीट बस!" मुकाशआजोबा खेकसले. "खोगीर तुझ्या बुडाचं करायचंय, मिशीचं नाही."

वाळूत जो खळगा उमटला त्याबरहुकूम त्यांनी मला कोरले. वर ओले कातडे ताणून शिवले. ते वाळताना असे आवळले की माझा एकेक सांधा जागच्या जागी बसला. म्हणजे बघा, मी नुसते खोगीर नव्हतो, मी एर्मेकच्या मांडीचा साचा होतो. दुसरे कुणी माझ्यावर बसले तर त्याला घरंगळल्यासारखे वाटे, आणि खरे सांगतो, मला ते आवडे.

एर्मेक मेंढपाळ. बर्फ वितळले की गावच्या मेंढ्या घेऊन तो आणि त्याची बायको सालकिन डोंगरमाथ्यावरच्या कुरणात जात, ज्याला आमच्याकडे जायलो म्हणतात, आणि थंडी पडली की खाली येत. जमिनीवर चालणारा एर्मेक अगदीच साधा माणूस होता, थोडा वाकलेला, थोडा बावळट. पण तोरूच्या पाठीवर मला कसून, पोटाखालचा तंग आवळून तो वर बसला की माणूसच बदलायचा. तोरू म्हणजे त्याचा तांबडा घोडा. लांडगा आला तरी एर्मेक लगामाला हात न लावता, नुसत्या मांड्यांनी तोरूला वळवी. लोक म्हणत, "एर्मेकची मांड म्हणजे मांड! घोडा मरेल पण हा पडणार नाही." हे ऐकून मी कातड्याच्या आत फुगायचो. त्या स्तुतीत माझाही वाटा होता ना!

मग करोनाचे वर्ष आले. आम्ही जायलोवर होतो, तिथे आजाराचा मागमूस नव्हता. पण खाली गावात एर्मेकचा मामा गेला. जाऊ नका, गर्दी करू नका, असे फोनवर सगळे सांगत होते. पण मयतीला न जाणाऱ्याला आमच्याकडे माणसांत धरत नाहीत. एर्मेक खाली गेला, खांदा दिला, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडला आणि परत आला. थोड्याच दिवसांत तो लोकरीच्या नमद्याच्या तंबूत तापाने फणफणत पडला होता. मी त्याच्या उशाशी, पुरुषांच्या बाजूला टांगलेला होतो, त्यामुळे पुढचे सगळे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दवाखान्यांत खाट नव्हती. गावातली नर्स स्वतःच आजारी. शेवटी गुरांचा डॉक्टर जुमाश घोड्यावरून वर आला, झोळीत औषधे घेऊन. शहरातल्या कुणीतरी कुणाला फोनवर पाठवलेली औषधांची नावे तेव्हा घरोघर फिरत होती, त्यातलीच ती होती. त्यात हार्मोनचे, म्हणजे स्टेरॉइडचे, इंजेक्शन होते. सालकिनला सुई टोचता येत होती, कारण मेंढ्यांना तीच टोचायची.

"किती दिवस द्यायची?" तिने विचारले.

"शहरातला डॉक्टर म्हणे, पाच दिवस," जुमाश म्हणाला. "पण मला विचारशील वहिनी, तर धाप लागतेय तोवर दे. औषध आहे, विष थोडंच आहे?"

पाच दिवसांनी तिने सुई थांबवली. संध्याकाळपर्यंत एर्मेकचे ओठ निळे पडले, छाती भात्यासारखी हलू लागली. सालकिन बाहेर गेली, मेंढ्यांमध्ये उभी राहून ओरडून रडली, आत आली आणि सुई भरली. सकाळी त्याने पेलाभर दूध मागितले. सांगा, मित्रांनो, तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते? ती थांबवायची, धाप लागायची, ती पुन्हा द्यायची. औषध संपले की जुमाश शेजारच्या कुरणांतून मागून आणायचा. असे कितीतरी दिवस चालले. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असे मग सगळे म्हणाले. मी म्हणतो, वेळ आली होती, सालकिनने तिला तंबूच्या दारातून हाकलून दिले.

एर्मेक उठला तो गुटगुटीत होऊनच. वाडगेच्या वाडगे मटणाचा रस्सा प्यायचा. तोंड चंद्रासारखे गोल झाले. लोक बघायला आले आणि थट्टा करू लागले.

"काय रे, आजारी होतास की सासुरवाडीला?"

"दृष्ट लावू नका," सालकिन म्हणायची, पण हसायची. किती दिवसांनी हसत होती ती! तो गोलवा आरोग्याचा नव्हता, औषधाचा होता, हे तिला कुणी सांगितले नाही. सांगणारे कुणी नव्हतेच.

हिवाळ्यात आम्ही खाली आलो, आणि एक दिवस एर्मेक माझ्यावर बसला तो वेगळाच बसला. त्याचे सगळे वजन डावीकडे आले. उजवी मांडी मला नीट टेकेना. मला वाटले, थंडी आहे. दुसऱ्या दिवशी तेच. घोड्यावरून उतरताना उजवा पाय वरून टाकायचा तर त्याने दात आवळले. त्याला दुखत होते जांघेत, पण कळ जायची गुडघ्यापर्यंत, आणि तो कुणाला काही बोलत नव्हता. मेंढपाळाने पाय दुखतो म्हणणे म्हणजे मासळीने पाणी गार आहे म्हणण्यासारखे.

सालकिनच्या नजरेतून सुटले नाही. तिने जुमाशला बोलावले. आमच्याकडे घोड्यावरच्या माणसाचा पाय दुखला की पहिला संशय कुणावर जातो? खोगिरावर. इथेच तर सगळे घोडे पेंड खाते. जुमाशने मला उलटेपालटे केले, बोटाने ठोकून पाहिले, एका डोळ्याने न्याहाळले.

"लाकूड फिरलंय वहिनी. खोगीर चावतंय त्याला."

"वीस वर्षं चावलं नाही ते?" एर्मेक म्हणाला.

"म्हातारपणी कुत्रंसुद्धा मालकाला चावतं, दादा."

सगळे हसले. मला मात्र रडू आले, आणि खोगिराला रडता येत नाही. मित्रांनो, मला तेव्हा काय काय सांगायचे होते! मी फिरलो नाही, त्याचे हाड फिरले आहे. माझ्यावर त्याच्या मांडीचा भार कसा पडतो हे माझ्याइतके कुणाला ठाऊक? त्याला शहरात न्या, आज न्या. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे ठरले होते. सालकिनने मला तंग-रिकिबीसकट उचलले आणि गुरांच्या वैरणीच्या कोठीत भिरकावले.

"माझ्या नवऱ्याचा पाय खाल्लास, मेल्या," ती म्हणाली.

मी तिच्यावर रागावलो नाही. तिला कुणावर तरी ओरडायचेच होते.

बाजारातून नवे खोगीर आले, चकचकीत, पितळी फुलांचे. कोठीच्या दाराला फट होती, तिच्यातून मी अंगण बघायचो. एर्मेक नव्या खोगिरावर बसायचा आणि उतरताना तसाच दात आवळायचा. तेव्हा तरी कुणाला कळावे! पण म्हणाले, नवे आहे, रुळेल. मग पायाला चरबी चोळली. मग नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या गरम कातड्यात पाय गुंडाळला. मग डावा पायही दुखू लागला, तेव्हा म्हणाले, उजव्याचा भार घेऊन दमला असेल. उंदरांनी माझी कड कुरतडली, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या, आणि सगळा हिवाळा असाच गेला.

वसंताच्या सुरुवातीला, लोकांच्या देखत, एर्मेक उतरता उतरता पडला. ज्याची मांड अख्ख्या खोऱ्यात नावाजलेली, तो उभ्या घोड्यावरून पडला. कुणी हसले नाही. त्याला उचलून गाडीत घातले आणि शहरात नेले.

तो परत आला कुबड्यांवर. आला तो घरात न जाता आधी कोठीत आला, कोंबडीला हाकलून माझ्याशेजारी गवतावर बसला आणि बाहीने माझी धूळ पुसू लागला. सालकिन मागोमाग आली.

"इथं काय करताय?"

"माफी मागतोय."

"कुणाची?"

"याची. बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं."

सालकिन दाराच्या चौकटीला टेकली. "याची मागता. मग मी कुणाची मागू? तुमची हाडं मेलीत म्हणाला तो डॉक्टर. दोन्ही खुब्यांची. पहिलं काय विचारलं त्यानं? हार्मोनची सुई किती दिवस दिली?"

"तू अर्धंच ऐकलंस. या रोगानंच रक्त घट्ट होतं, बारीक नसांतून हाडापर्यंत पोचत नाही, असंही म्हणाला तो. औषधानं त्यात भर पडली."

"आणि भर कुणी घातली? सुई कुणाच्या हातात होती?"

"तुझ्या," एर्मेक म्हणाला. "म्हणून तर इथं बसून माफी मागतोय. नाहीतर मामाच्या शेजारी पडलो असतो."

"लवकर आणलं असतं तर हाडं वाचवता आली असती, असंही म्हणाला ना?"

 एर्मेक माझी धूळ पुसत राहिला. ती खाली बसली, माझ्यावर डोके ठेवून रडली, आणि तिचे अश्रू माझ्या वाळक्या कातड्यात मुरले.

पुढे त्याच्या उजव्या बाजूला लोखंडी सांधा बसवला, डाव्या बाजूची पाळी यायची होती. डॉक्टरांनी बजावून सांगितले, चालाल, काठी घेऊन अंगणात हिंडाल, पण घोड्यावर बसायचे नाही, आता कधीच नाही. सांधा निखळला तर सगळेच संपेल. एर्मेकने मान डोलावली. डोंगरातला हट्टी माणूस इतक्या सहज मान डोलावतो, तेव्हा समजावे की तो आतून मोडला आहे.

वसंत सरता सरता पुन्हा जायलोवर जायचे दिवस आले. ज्या सकाळी कळप निघायचे त्या सकाळी अख्खे गाव वाटेवर उभे असते. मेंढ्या ओरडत होत्या, कुत्री धावत होती. एर्मेकच्या मेंढ्या कोण नेणार हे कुणालाच माहीत नव्हते. तेवढ्यात एर्मेक तोरूला घेऊन आला, आणि तोरूच्या पाठीवर मी होतो! कुबड्या भिंतीला टेकवून, त्याने स्वतः माझा तंग आवळला.  सगळ्यांना वाटले, हा आता चढणार आणि मरणार. मलाही तसेच वाटले, आणि कबूल करतो, क्षणभर मला आनंदच झाला.

एर्मेक चढला नाही. त्याने दोन्ही रिकिबी आखूड केल्या, डावी हातात धरली आणि हाक मारली, "सालकिन, चढ."

आमच्याकडे रिकीब धरतात ती वडीलधाऱ्यांसाठी, मानाच्या पाहुण्यासाठी. धाकट्याने मोठ्यासाठी धरायची असते. नवऱ्याने बायकोसाठी धरलेली मी तरी पाहिली नव्हती.

"अरे एर्मेकदादा," जुमाश हळूच म्हणाला, "बायकोची रिकीब? लोक काय म्हणतील?"

"मोठ्या माणसाची धरतात ना? मग धरली."

सालकिन मागे सरली. "मला नका बसवू यावर. ही जागा तुमची. मीच ती तुमच्याकडून—"

"चढ ग. मेंढ्या थांबत नाहीत कुणासाठी."

त्याने रिकीब सोडली नाही. शेवटी तिने पाय ठेवला. ती बसली तेव्हा एर्मेकने एकदा माझ्या पुढच्या उंचवट्यावर तळवा ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात, आणि तोरूला थोपटून सोडून दिले. वळणावर सालकिनने मागे पाहिले. एर्मेक दोन कुबड्यांवर उभा होता आणि बाजूला म्हाताऱ्या बाया उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो खाली राहणाऱ्यांत होता.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. माझे तेलपाणी आता सालकिन करते. काळजी घ्या ती आजारातून उठलेल्या माणसाची. ताप उतरला, गाल भरले, की आपण 'बरा झाला' म्हणतो आणि घरी जातो. या रोगाने किती मोठ्या, धट्ट्याकट्ट्या माणसांना असे मागाहून गाठले, कुणाची छाती, कुणाचे हृदय, कुणाची हाडे. सहा महिन्यांनी तो म्हणाला की दुखते, तर खोगिराला, जोड्याला, हवेला नि वयाला दोष देत बसू नका. त्याला जाणत्या डॉक्टरकडे न्या, आणि कुठले औषध किती दिवस घेतले होते ते सांगा. आणि ज्याने त्याची शुश्रूषा केली त्यालाही कधीतरी विचारा, तू कसा आहेस म्हणून.

कारण सालकिन चढावर रडते. कळप पुढे गेला, आजूबाजूला कुणी नसले की लगाम सैल सोडते आणि दोन्ही हातांनी तोंड झाकते. मी तिच्या मापाचा नाही, ती माझ्यावर घरंगळते, तरी मी तिला जपून नेतो. माझ्यावरचा आळ लोकांनी घातला होता, लोकांनीच उतरवला. तिने तो आपल्या हाताने स्वतःवर घेतला आहे. मला एकदाच बोलता आले असते तर मी एर्मेकशी बोललो नसतो, जुमाशशी भांडलो नसतो. मी तिला म्हटले असते: बाई, त्या तंबूत मी होतो. तू काय केलेस ते मी पाहिले आहे. तुझा काही दोष नाही.