पहिल्या गोणीला मानाचा हात

"भोळ्याभाबड्या हिरडा-उत्पादकांना व्यापाऱ्यांच्या लुबाडणुकीपासून वाचवण्यासाठी यापुढे हिरड्याची खरेदी केवळ सरकारमान्य खरेदी संघच करील." आहुप्याच्या गोदामावरचा हा फलक प्रज्ञाने दोनदा वाचला. अर्थशास्त्र शिकून येडगावात हिरड्याच्या भुकटीचा लहानसा कारखाना काढलेल्या बाईला यातली चलाखी उमगायला वेळ लागला नाही. लुबाडणारे अनेक असतील, तर विकणारा त्यांतल्या एकाकडे पाठ फिरवून दुसऱ्याच्या दारी जाऊ शकतो. रक्षणकर्ता एकच असेल, तर विकणाऱ्याने जायचे कुठे? शिवाय फलकाखालच्या दाराला कुलूप होते. यंदा संघाने खरेदी सुरूच केली नव्हती.

ही भाषा तिच्या घराला परकी नव्हती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी गावकीची कामे टाकून जुन्नरच्या बाजारात शिलाई यंत्र मांडले, तेव्हाही गावाने हितोपदेशच केला होता: नेमून दिलेल्या कामातच तुझे भले आहे.

हिरडा विकणाऱ्या म्हाताऱ्या अंबाबाईच्या ओसरीवर बाळहिरडा गोण्यांत भरून तयार होता. कोवळा तोडून वाळवलेला, काळा, मुठीत हलवला की खडखडणारा. कड्यावरून धुके वर येऊ लागले होते. हा ओलावा धरला की बुरशी, आणि बुरशी लागली की उकिरडा. म्हणून प्रज्ञा टेम्पो घेऊन आली होती. भाव ठरला होता. तोही म्हातारीने "ऱ्हाऊ द्या मग, ताई" असे म्हणत तीनदा वर चढवला होता. भोळेभाबडेपणा तो एवढाच.

गोण्या टेम्पोत चढल्या. मात्र पहिल्या गोणीला मानाच्या माणसाचा हात लागल्याशिवाय माल हलवायचा नाही, ही तिथली रीत. आणि अंबाबाईने त्या मानासाठी बोलावले ते संघाच्या सचिवाला, सावळारामला.

"आजी, त्याला कशाला बोलावलंत?"

"समद्या गावाच्या हिरड्याला त्याचाच हात लागतो, पोरी. पाठीमागनं इकलं तर ती चोरी व्हईल."

सावळारामने चहा घेतला, टोपी सारखी केली, पहिल्या गोणीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"माल उतरवा. संघाची सही असल्याबिगर जंगलखात्याच्या नाक्यावरनं टेम्पो सुटायचा न्हाई."

"मग तुम्ही घ्या," प्रज्ञा म्हणाली. "आत्ता घ्या. मी रिकामी परत जाते."

"वरनं आदेश न्हाई."

"कधी येणार?"

"आला की कळवू."

"आन् हिरड्याला कळवलंय का, थांब म्हणून?" अंबाबाईने विचारले.

"आजी, तुमच्या भल्यासाठीच चाललंय हे."

"माझं भलं तुझ्या गोदामात कुलपाआड हाय व्हय रं? काढ की भायेर. आमालाबी बघू दे."

टेम्पोवाला अमृत हसला. पण किल्ली त्याने खिशात घातली. नाक्यावर अडकायची त्याची तयारी नव्हती. गोण्या एकेक करून ओसरीवर परत गेल्या.

प्रज्ञाने आवाज चढवला नाही. पुस्तकांतला मक्तेदार निदान लोभी असतो. लोभापायी का होईना, माल उचलतो. या मक्तेदाराला मालच नको होता. तिने अगदी आदराने विचारले, "सचिवसाहेब, तुम्हाला घ्यायचा नाही, तर मी घेतल्याने तुमचे काय जाते?"

सावळारामने ओसरीकडे पाहिले. अंबाबाई शेवटच्या गोणीवर घोंगडी टाकत होती.

"खरं सांगू का, ताई? आमाला खरेदी करायला बसवलंच न्हाई. दुसऱ्या कुणी करू नये म्हणून बसवलंय. तुमी एकदा ह्यो माल नेलात, तर उद्या लोक इचारतील, मंग संघ कशापायी? त्याचं उत्तर माज्यापाशी न्हाई."