रंग येईपर्यंत

कारखान्यात लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत, पण वहीताईचे ते सख्खे मामा होते, आईच्या पाठचे भाऊ. तिला इथे चिकटवली तीही त्यांनीच. अकरा वर्षांपूर्वी तिला मालकांसमोर उभी करून एवढंच म्हणाले होते, "पोरीचं अक्षर बघा फक्त." मालकांनी अक्षर बघितलं आणि रसायनांच्या सगळ्या वह्या तिच्या गळ्यात घातल्या. कुठल्या टाकीत काय ओतलं, कोणी हाताळलं, कुठला भाग किती वेळ बुडवला, सगळं तिच्याकडे. मग वहीताई हे नाव पडायला वेळ लागला नाही. लोकांच्या बोलण्यावर तिचा फारसा विश्वास नसे, लिहिण्यावर असे. बोलताना माणूस सावध असतो. लिहिताना तो घाईत असतो आणि घाईत खरं निसटून जातं, हा तिचा अनुभव होता.

कारखाना बेताचा, काम मात्र आभाळाएवढं. उपग्रहाच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचे जे काटकोनात वळवलेले कोन, पट्ट्या, डब्या असतात, त्या इथे बनत आणि बनल्या की मामांच्या खोलीत येत. तिथे टाक्यांची रांग होती. तेल काढायची, धुवायची, आम्लाची, पुन्हा धुवायची आणि शेवटी पिवळी, क्रोमियमच्या द्रावणाची. पिवळ्या टाकीत भाग बुडवला की त्यावर सोनेरी पापुद्रा चढे, केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाचा. "वर हवा नाही, पाणी नाही, तिथे काही खराब होत नाही," मालक प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "धोका इथेच आहे. समुद्राकाठच्या तळावर उडायची वाट बघत महिनोन्महिने पडून राहतं ना, तेव्हा खारं वारं खातं त्याला." हे बोलणं वहीताईला पाठ झालं होतं, तरी दर वेळी तिच्या अंगावर बारीकसा काटा येई. जी वस्तू पंधरा वर्षं आभाळात एकटी काढणार, तिला भीती कशाची, तर निघायच्या आधीच्या मुक्कामाची.

पापुद्रा पुरेसा चढला की नाही, हे मामा डोळ्यांनी ठरवत. फिकट म्हणजे कच्चं, मधासारखं म्हणजे झालं, तपकिरी म्हणजे गेलं वाया. भिंतीवर घड्याळ होतं, पण मामा त्याच्याकडे जेवणाच्या सुट्टीपुरतंच बघत. वहीत 'वेळ' असा एक रकाना होता. त्यात त्यांनी सत्तावीस वर्षं एकच मजकूर लिहिला होता: रंग येईपर्यंत. तपासनीस येत, त्यावर वाद घालत, मग भाग तपासून गप्प होत. मामांच्या हातचा एकही भाग कधी परत आला नव्हता.

मामा येतायत हे दाराबाहेरूनच कळे, कारण त्यांच्या श्वासाला शिट्टी होती. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडलं होतं. ती पिवळ्या टाकीच्या वाफेची देणगी. मामांनी तिचाही खेळ करून ठेवला होता. नवा माणूस आला की एका नाकपुडीवर बोट ठेवून ते सूर काढून दाखवत. सगळे हसत. वहीताईही हसायची, आणि आपण हसलो याची नोंद मनात करून ठेवायची.

कायदा आला तो असल्या भोकांतूनच आला, असं म्हणायला हरकत नाही. एकट्या मामांच्या नव्हे, जगभरच्या अशा नाकांच्या, आणि त्यांच्या पाठोपाठ फुप्फुसांच्या. अमुक तारखेनंतर पिवळं बंद. उपग्रहवाल्यांसाठी तेवढं एक दार किलकिलं ठेवलं होतं: दुसरं काहीच चालत नाही हे चाचणी करून दाखवा आणि मुदतवाढ मागा.

मालकांना मुदतवाढ हवी होती. माणूस वाईट नव्हता, कंटाळखोर होता. प्रत्येक उपग्रहवाल्याच्या नकाशावर 'पिवळा थर' असं छापलेलं होतं. ते बदलायचं तर प्रत्येकाच्या दारात जाऊन आर्जवं करावी लागणार. मामांनाही मुदतवाढ हवी होती, कारण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मामांच्या हाताखाली काम करणाऱ्या चष्मेवालीला काय हवं, हे कोणी विचारलं नव्हतं. गेल्या महिन्यात तिच्या नाकातून तिसऱ्यांदा रक्त आलं. उन्हाने असेल, असं ती म्हणाली. त्या खोलीला खिडकी नव्हती.

तरी चाचणी करणं भाग होतं. पिवळ्याच्या जागी जे नवं द्रावण आलं ते दिसायला निव्वळ पाणी. मामांनी त्यात दहा नमुना पट्ट्या बुडवल्या आणि त्या मिठाच्या पेटीत ठेवल्या. ही पेटी म्हणजे एका कपाटात कोंडलेला समुद्रकिनारा. आत सात दिवस, अखंड, खाऱ्या पाण्याचं धुकं. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर दहापैकी नऊ पट्ट्यांवर पांढरे फोड. मालकांनी चेहरा पाडायचा प्रयत्न केला, पण तो काही नीट पडेना.

"फसलं बिचारं," ते म्हणाले. "वहीताई, अर्जाची तयारी करा. बारा दिवस आहेत."

अर्जाला वहीच्या पानांच्या प्रती जोडायच्या होत्या. वहीताई एकेक पान यंत्रावर पालथं घालत होती. चाचणीचं पान आलं. तारीख, द्रावणाचं नाव, मामांची सही, आणि 'वेळ' या रकान्यात दहाच्या दहा ओळींत: रंग येईपर्यंत.

तिला आधी हसू आलं. मग ते हसू जागच्या जागी थिजलं. वही काखेत मारून ती मामांच्या खोलीत गेली. मामा स्टुलावर बसून हातमोजे उलटे करत होते, चष्मेवाली फरशी पुसत होती.

"मामा, नव्या टाकीत पट्ट्या किती वेळ ठेवल्या होत्या?"

"लिहिलंय की."

"रंग येईपर्यंत, असं लिहिलंय."

"मग?"

"मामा, त्याला रंगच नाही."

मामांची शिट्टी थांबली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच थांबली असावी, कारण चष्मेवालीनेही मान वर करून बघितलं.

"किती वेळ वाट बघितलीत?" वहीताईने हळूच विचारलं.

"पहिलीला वीस मिनिटं. म्हटलं, नवीन आहे, हळू चढत असेल." मामा हातमोज्याचं बोट ओढत राहिले. "पुढच्यांना अर्धा तास. एकीला तर जेवून आलो."

"डब्यावर चार मिनिटं लिहिलंय. जास्त झालं तर थर सुटतो, असंही."

"डब्यावर लिहिणाऱ्यानं कधी हात घातलाय का टाकीत?"

"आणि जी टिकली ती?"

उत्तर चष्मेवालीने दिलं. "सातवी ना? ती मी काढली होती. मालकांचा फोन आला, मामा बाहेर गेले. मला वाटलं, पुरे झालं असेल."

फोन केवढा होता हे कोणी विचारलं नाही. मालकांचे फोन चार मिनिटांचेच असत. त्यापुढे त्यांनाच कंटाळा येई.

मामांनी त्या पाण्यासारख्या टाकीकडे बघितलं. मग म्हणाले, "जन्मभर सगळ्यांनी मामा म्हटलं. खरा मामा बनवला तो या पाण्यानं." कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनीच थोडं हसून घेतलं. "हे बघ पोरी, अर्ज जाऊ दे तसाच. दोन वर्षं राहिलीत माझी."

"तुमची दोन. हिची वीस आहेत."

चष्मेवाली फरशीचा एकच चौकोन पुन्हा पुन्हा पुसत होती.

"बरं, आणि नव्या टाकीपाशी मी करायचं काय?" मामांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "चार मिनिटं झाली की काढायचं. त्याला मामा कशाला? भिंतीवर घड्याळ आहे. माझ्याकडे हा डोळा सोडला तर दुसरं आहे काय?"

वहीताईने वही उघडून ते पान पुन्हा बघितलं. या माणसाने तिला अन्नाला लावलं होतं. ती एवढंच म्हणाली, "पान फाडणार नाही मी, आणि झाकणारही नाही. उद्या मालकांना सांगावं लागेल. तुम्ही सांगितलंत तर बरं."

रात्री तिला झोप लागली नाही असं काही नाही. ती झोपली, पण सकाळी उठली ती मामांनी आजारपणाचा निरोप धाडला असेल या खात्रीने. कारखान्यात आली तर मामा तिच्या आधी मालकांच्या टेबलासमोर उभे होते.

"चाचणी पुन्हा करायची," ते सांगत होते. "चुकलो मी."

"अहो मामा, फसलीय ना? मग फसू द्या की," मालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "तुमच्याच सोयीचं आहे."

"फसलो मी. द्रावण नाही फसलं."

मालकांनी वहीताईकडे बघितलं. तिने वही छातीशी धरली होती, मांजर धरावं तशी. ते बघून त्यांनी नि:श्वास सोडला. "करा. पण दिवस मोजून आहेत."

दुपारी पट्ट्या धुवायला घेतल्या. अकरा वर्षं वहीताई या कामाच्या नोंदी ठेवत होती, पण ते उभं राहून पाहिलं नव्हतं. तिच्यापर्यंत येत असे तो शेवटचा मजकूर. आज वेळ मोजायला ती आत आली. गळ्यात दोरीने अडकवलेलं सेकंदांचं घड्याळ तिच्या हातात होतं.

"अजून घड्याळ नको," मामा म्हणाले. "आधी पाणी."

त्यांनी धुतलेली पट्टी पाण्यातून उभी वर काढली आणि दिव्यासमोर तिरपी धरली. पट्टीवर पाणी उभं राहिलं. थेंब नाही, ओघळ नाही, कडेपासून कडेपर्यंत अखंड एकच पाण्याचा पडदा, इतका पातळ की धातू दिसावा आणि इतका सलग की आपला चेहरा दिसावा.

"स्वच्छ असेल तर हा फुटत नाही," मामा पुटपुटले. "अर्धं मिनिट थांबायचं. मळ असेल तिथं पाणी अंग चोरतं."

त्यांनी आतल्या आत तीस मोजले. पडदा हलला नाही. पट्टी टाकीत गेली, वहीताईने घड्याळ दाबलं, चार मिनिटांनी काढली. पट्टी जशी गेली तशीच बाहेर आली. मामांनी ती दोनदा उलटसुलट केली, सवयीने, आणि वाळत ठेवली.

तिसरी पट्टी त्यांनी पाण्यातून काढल्या काढल्या बाजूला धरली. "ही नाही."

"का? चांगली तर आहे," वहीताई म्हणाली.

"बोट लागलंय कोणाचं तरी."

तिने डोळे ताणले. काहीही नव्हतं. सलग, शांत पाणी. मग, आठ की दहा सेकंदांनी, खालच्या कोपऱ्यात पडदा अगदी सावकाश दुभंगला आणि पाणी मागे सरत गेलं. उरलेल्या कोरड्या जागेचा आकार अंगठ्याएवढा होता. कोणीतरी पट्टी कापताना तिला उघड्या हाताने धरलं असणार, दोन-चार दिवसांपूर्वी, क्षणभर.

वहीताईच्या हातातलं घड्याळ तसंच राहिलं. पाणी फुटायच्या आधी मामांना काय दिसलं होतं? तिने विचारलंही. मामांनी खांदे उडवले. "दिसत नाही गं. जाणवतं. पाणी थोडं बिचकतं आधी."

पिवळ्या टाकीत हे कधी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण तिथे डाग असला की रंगच चुगली करायचा. नवं द्रावण कोणाची चुगली करत नव्हतं. त्यात चूक गेली की ती न दिसता उड्डाणतळावर जाणार, समुद्राच्या वाऱ्यात उभी राहणार आणि तिथून वर जाणार. तिला एकदम जाणवलं की आपल्या सगळ्या वह्यांत, सत्तावीस वर्षांच्या सगळ्या ओळींत, ही गोष्ट कुठेच नाही. जे मामांना कामच वाटलं नाही, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. आणि जे लिहिलेलं नाही, ते तिच्या लेखी नव्हतं. तिला स्वतःची थोडी लाज वाटली आणि त्याहून जास्त थक्क व्हायला झालं. बारा पट्ट्यांतल्या दोन त्यांनी अशा वेगळ्या काढल्या. दोन्ही वेळा पाणी त्यांच्यानंतर फुटलं.

दहा पट्ट्या मिठाच्या पेटीत गेल्या. सात दिवस मामा त्या बाजूला फिरकले नाहीत, आणि त्या बाजूला जायची चार कारणं मात्र रोज शोधत राहिले. आठव्या दिवशी मालक, चष्मेवाली, वहीताई, सगळे जमले. झाकण उघडलं, खारट वाफ तोंडावर आली. मामांनी पहिली पट्टी धुऊन, पुसून भिंगाखाली धरली. मग दुसरी. दहावी व्हायला पाऊण तास लागला. कोणी हललं नाही.

"काहीच नाही," मामा म्हणाले.

वहीताईने पट्टी हातात घेतली. सात दिवस समुद्राने चाटलं होतं त्या धातूला, आणि त्यावर खरोखर काहीच नव्हतं. मधे उभा होता तो केवळ एक थर, पिवळ्याहूनही पातळ, कोणालाही न दिसणारा. नसल्यासारख्या वस्तूने एवढं थोपवलं होतं. तिला पट्टी खाली ठेववेना.

मालकांनी डोकं खाजवलं. "म्हणजे आता सगळ्यांना पत्रं लिहायची," ते म्हणाले, पण तेही पट्टीकडेच बघत होते. मुदतवाढीचा अर्ज त्या दिवशी वहीताईने कपाटात ठेवला आणि तारखेच्या आत पिवळी टाकी रिकामी करायला माणसं बोलावली. मामांच्या नाकातलं भोक काही बुजणार नव्हतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. चष्मेवालीचं नाक वेळेत सापडलं, असंही त्यांनीच सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात खरे भाग आले, एका उपग्रहाचे कोन, तळहाताएवढे. वहीताई सही घ्यायला आत गेली तर मामा चष्मेवालीच्या मागे उभे होते आणि कोन तिच्या हातात होता, दिव्यासमोर तिरपा.

"बोल," मामा म्हणाले.

"चांगला आहे."

"घाई नको. घड्याळ काय कोणीही बघेल. हे शिकलीस तर मी मोकळा."

चष्मेवालीने चष्मा वर सारला. मालक काहीतरी विचारायला दारात आले आणि विचारायचं विसरून उभे राहिले. चौघांच्या मधोमध तो कोन, आणि त्यावर पाणी, कडेपासून कडेपर्यंत ताणलेलं. वहीताईला आपला श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला, म्हणून तिने तो धरून ठेवला.

"बिचकलं," चष्मेवाली एकदम म्हणाली. "इथं, वरच्या भोकापाशी."

तिथे काहीच नव्हतं. वहीताईला दिसत नव्हतं, मालकांना दिसत नव्हतं. मग त्या भोकाच्या कडेला पाणी सावकाश दुभंगलं.