व्हर्डेलचा सिनेटर

शंभर सिनेटरांपैकी निदान साठ जणांची आवड व्हर्डेल हचिन्सला तोंडपाठ होती. कुणाला घेवड्याच्या सूपमध्ये मिरपूड जास्त लागते, कुणाला हॅमचा तुकडा चालत नाही. बावीस वर्षं ती कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, उपाहारगृहात वाढत होती. तिचा स्वतःचा सिनेटर मात्र एकही नव्हता. ती वॉशिंग्टनचीच, नदीपलीकडच्या डीनवुडमधली, आणि राजधानीतल्या माणसांना सिनेटर मिळत नाही. कर तेवढा न विसरता घेतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एरवी तिचं त्यावाचून अडलं नव्हतं. पण लेक रेनिटाला सातवा महिना लागला होता, आणि तिचं पहिलं बाळ इस्पितळ गाठण्याआधीच, नदीवरच्या पुलावर गेलं होतं. आता शहराच्या कौन्सिलने डीनवुडमध्येच प्रसूतिगृह मंजूर केलं होतं, तेही शहराच्या पैशातून. पण राजधानीचा कुठलाही ठराव संसद मोडू शकते; ते होऊ द्यायचं की नाही, हे गुरुवारी सिनेट ठरवणार होती.

सिनेटर व्हिटकॉम्बचं अजून ठरत नाही, असं पेपरात आलं होतं. दर बुधवारी सकाळी ते आपल्या राज्यातून आलेल्या मंडळींना कॉफी पाजत आणि त्यांचं ऐकून घेत. व्हर्डेलने बुधवारची रजा टाकली.

"वाढपीण पाहुणी म्हणून गेली तर खुर्ची देतील होय?" गल्ल्यावरचा लव्हॉन म्हणाला.

"खुर्ची कुणाला हवीय? कान हवाय मला."

चर्चला जाताना घालायची निळी टोपी घालून ती रांगेत उभी राहिली. दारात एक पोरगी वही घेऊन बसली होती. तिने नाव लिहून घेतलं.

"गाव कुठलं, मॅडम?"

"डीनवुड."

"कुठल्या जिल्ह्यात येतं?"

"जिल्हाबिल्हा नाही. इथलंच. बसने आले मी."

पोरीने पट्टी धरून, अगदी नीट, नाव खोडलं. "हे फक्त आमच्या राज्यातल्या लोकांसाठी असतं हो. तुम्ही तुमच्या सिनेटरना भेटा ना."

"कुठे बसतात ते?"

बिचारीने कागदात गुंडाळून एक डोनट दिला.

गुरुवारी तीन मतांनी प्रसूतिगृह बारगळलं. शुक्रवारी दुपारी व्हिटकॉम्ब नेहमीसारखे ट्रे घेऊन उभे राहिले.

"काय व्हर्डेल, परवा दिसली नाहीस?"

"आमच्या प्रसूतिगृहाला तुम्ही नाही म्हणालात, साहेब."

माणूस वाईट नव्हता. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही टिचकी वाजवून बोलावलं नव्हतं. ते जरा ओशाळले.

"खरं सांगू? माझं मन दोन्हीकडे होतं गं. पण माझ्या ऑफिसात त्यासाठी ना एक फोन आला, ना एक माणूस. मला वाटलं, कुणाला त्याचं काही पडलेलंच नाही."

व्हर्डेलच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. मागे रांग वाढत होती. तिने सूप वाढलं, त्यांना चालत नाही म्हणून हॅमचा तुकडा बाजूला काढला आणि वाडगा त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

"एक माणूस आलं होतं, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या वहीत बघा. खोडलंय, पण वाचता येईल."