पिवळीचा गळा

वडीगोद्रीच्या जरा पुढे, हायवेला लागून परमेश्वरचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, मोजकी टेबलं, भज्यांची कढई आणि दिवसभर उकळणारा चहा. पण गाडीतून उतरलेली पोरं भज्यांकडे न बघता आधी उजव्या कोपऱ्यात धावायची, कारण तिथे माशांची काचपेटी होती.

मासे साधेसुधे नव्हते. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे. मासे विकणारा दुकानदार त्यांना सिक्लिड म्हणायचा. ही जात आफ्रिकेतल्या तळ्यातली, तिथलं पाणी जड असतं, म्हणून आपल्या बोअरचं पाणी त्यांना मानवेल, असं त्याने परमेश्वरला सांगितलं होतं. ते खरं निघालं. ज्या पाण्यात परमेश्वरच्या बायकोची, मनीषाची डाळ शिजता शिजत नसे, त्या पाण्यात मासे मजेत नांदत होते.

पेटीची राखण सांडूबाबाकडे होती. परमेश्वरचा हा बाप. जन्म मेंढरांमागे गेलेला. आता गुडघे चालू देईनात, म्हणून कळप भावाच्या हवाली करून घरच्या दोन शेळ्या आणि ही पेटी सांभाळत होता. मदतीला नात होती, सहावीतली प्रांजली. शाळेतून आली की ती दप्तर पेटीजवळच टाकायची.

सगळं सुरळीत चाललं असताना मोठा निळा आजारी पडला. खाणं सोडून दगडामागे जाऊन उभा राहिला. पोट ढोलकीसारखं ताणलेलं, आणि मागे पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत होती. टेम्पोवाला कडूबा रोज चहाला यायचा. त्याने नजर लागली असं ठरवून टाकलं आणि मनीषाने पेटीवर लिंबू-मिरची टांगलीही. सांडूबाबा मात्र खुर्ची टाकून बसून राहिला. त्याचं लक्ष माशापेक्षा माणसांवर होतं. जनावर आजारी पडलं की आधी त्याचा चारा बघायचा, ही त्याची जुनी रीत.

दुपारपर्यंत चारा त्याला सापडला. जो येई तो पेटीत काहीतरी टाकी. कुणी भज्याचा चुरा, कुणी शेव. सर्वांत दानशूर कडूबाच.

सुगीत एखादं मेंढरू कळपातून निसटून ज्वारीच्या राशीवर जातं आणि पोटभर दाणे खातं. मग पोट फुगतं आणि ते आडवं होतं. गवतावर वाढलेल्या पोटाला दाणा पेलत नाही. हे निळे मासेही दिवसभर दगडावरचं हिरवं शेवाळच कुरतडत असत, म्हणजे हीही चरणारीच जात. सांडूबाबाने परमेश्वरला सांगितलं, परमेश्वरने दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, म्हातारबाबा बराबर बोलतात. खाणं बंद करा, थोडं थोडं पाणी बदला, आणि आजारी मासा वेगळ्या पाण्यात काढून त्यात मेडिकलमधलं एप्सम सॉल्ट अंदाजाने नाही, मी सांगतो तेवढंच घाला.

मोठ्या निळ्याला मात्र उशीर झाला होता. तो गेला. त्याच्याच वळणावर चाललेले दुसरे दोघे उपास, मीठ आणि स्वच्छ पाणी यांवर सावरले. पुढे त्यांना उकडलेला पालक मिळू लागला. कडूबा त्यांना माळकरी म्हणायला लागला, आणि सांडूबाबाला डॉक्टर. ते नाव सांडूबाबाला आतून आवडलं होतं.

परमेश्वरला मात्र मेलेला मासा टोचला होता. ज्या दिवशी तो उलटा तरंगत होता, त्या दिवशी गाडीतून आलेलं एक कुटुंब नाक मुरडून तसंच परत गेलं होतं.

"आबा, आता अजून एक मासा मेला, की ही पेटी इथून हालली समजा," तो म्हणाला. "तिथं कोल्ड्रिंकचा फ्रीज बसंल."

प्रांजलीने हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेला जाण्याआधीही पेटीपुढे येऊन बसू लागली. तिचा जीव टांगणीला लागलेला बघून सांडूबाबाने तिला आपली विद्या द्यायला सुरुवात केली. ही विद्या त्याला त्याच्या बापाने माळावर शिकवली होती. आजारी जनावराला आधी हात लावायचा नाही, आधी डोळ्यांनी तपासायचं. ते कळप सोडून उभं आहे का? लेंडी कशी आहे? डोळा चमकतोय की मातकट झालाय? श्वास कसा चालतोय? जबड्याखाली काही आहे का? पोरगी हुशार. तिने हे सगळं पाढ्यासारखं पाठ केलं आणि एकेका माशाला लावून बघू लागली.

आणि एका रविवारी सकाळी तीच धावत आली.

पिवळ्या माशांमधली एक मादी, जिला ती नुसतं पिवळी म्हणायची, दगडाच्या कपारीत जाऊन बसली होती. पालक टाकला तर वास घेऊन मागे सरली. आणि जबड्याखाली तिचा गळा फुगला होता, जणू आत कुणी बोर कोंबलंय.

सांडूबाबाने पाहिलं मात्र, आणि त्याच्या मनात शंका उरली नाही. हे त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं. पाणथळीचं गवत खाल्लं की मेंढराला जंत होतात, आणि जबड्याखाली अशीच पाण्याची पिशवी धरते. गळफुगी. यावर उतारा एकच, जंताचं औषध. शेळ्यांसाठी आणलेली बाटली घरात होतीच.

त्याने बादलीत पेटीतलंच पाणी काढलं, जाळी घेतली, बाटली हलवून ठेवली. कडूबा चहा घेऊन बघायला आला.

"डॉक्टर, ऑपरेशन हाय का?" त्याने विचारलं.

"चहा पी आणि गाडी हाण," सांडूबाबा म्हणाला.

परमेश्वर गल्ल्यावरून मान वर करून बघत होता. प्रांजलीला तो दिसत होता, आणि पेटीच्या जागी बसणारा फ्रीजही. तिने काचेला नाक लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून तपासणी सुरू केली. कळप सोडलाय, हो. लेंडी? दोरा नाही. डोळा? लखलखीत. दुसरा मासा कपारीजवळ आला, तर आजारी म्हणवणाऱ्या पिवळीने त्याला अंगावर धावून हाकलून लावलं.

"आबा," ती म्हणाली, "गळफुगीचं मेंढरू दुसऱ्याला ढुशी मारतं का?"

सांडूबाबाची जाळी पाण्याच्या वरच थांबली. गळफुगीचं मेंढरू मान खाली घालून उभं राहतं. त्याला स्वतःचं डोकं पेलत नाही, ते दुसऱ्याला काय ढुशी मारणार?

"न्हाई मारत," तो म्हणाला.

"मंग ही कशी मारून राह्यली? आणि आबा, तुम्हीच म्हणता ना, जंताचं औषध द्यायच्या आधी मेंढी गाभण हाय का ते बघावं. ही गाभण असंल तर?"

कडूबा खो खो हसला. म्हणाला, पोरी, गाभण जनावराचं पोट वाढतं, गळा नाही. सांडूबाबालाही हसू येत होतं. पण हसता हसता त्याला आपला बाप आठवला. गाभण असल्याचा नुसता संशय जरी आला, तरी औषधाची नळी खाली ठेवायची, हा त्याचा नियम. त्यात पोट की गळा असली फोड त्याने कधी केली नव्हती. आणि नातीला नियम शिकवायचा तो मोडून दाखवण्यासाठी थोडाच?

त्याने जाळी बादलीवर आडवी ठेवली.

"संशय हाय ना? मंग थांबायचं," तो म्हणाला.

खुर्च्या टाकून दोघं पेटीपुढे बसले. पिवळीचा जबडा सारखा हलत होता. रवंथ करावा तसा, पण गिळणं नाही. ऊन सरकत सरकत पेटीच्या काचेवर आलं. तेवढ्यात पिवळीने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं. क्षणभरच. आत राळ्यासारखे पिवळे दाणे गच्च भरलेले होते आणि एकेका दाण्यावर काळा ठिपका होता.

"डोळे," प्रांजली हळूच म्हणाली. "आबा, त्याला डोळे हायेत."

परमेश्वरने पुन्हा फोन लावला. दुकानदार पलीकडून हसला. ही जात अंडी तोंडात धरते, म्हणाला. पिल्लं पोहती होईपर्यंत आई काही खात नाही. तिला हात लावू नका. घाबरली तर सगळी बाहेर टाकील, नाहीतर गिळील. औषध तर बिलकुल नको.

सांडूबाबाने बाटली उचलून घरातल्या फळीवर ठेवली. परत आला तेव्हा कडूबा त्याच्याकडे बघत होता. त्याने चहाचा पेला ठेवला आणि टेम्पोकडे निघाला.

त्यानंतरचे दिवस हॉटेलात बाळंतिणीचं घर असावं तसे गेले. मनीषाने पेटीजवळ कढईचा धूर जाऊ नये म्हणून पोत्याचा पडदा लावला. बाहेरची पोरं काचेवर टकटक करायला लागली की प्रांजली बोट ओठांवर ठेवायची. पिवळी वाळत चालली होती. आई उपाशी राहून काय काय सांभाळते, हे सांडूबाबाला नवीन नव्हतं. तरी पालक घालताना त्याचा हात तिच्या बाजूला जरा जास्तच झुकायचा, आणि ती तोंड फिरवायची.

दुकानदाराने एक गोष्ट बजावली होती: पिल्लं बाहेर आली की बाकीचे मासे त्यांना खाऊन टाकतील. यावर सांडूबाबाला कुणाला विचारायची गरज पडली नाही. कळप चरायला गेला की मागे राहिलेली कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकून ठेवतात. त्याने भाजीची बारीक छिद्रांची प्लास्टिकची टोपली आणली, तिला आतून मच्छरदाणीचं कापड शिवलं आणि पेटीत काठाला तारेने टांगली. आतून पाणी खेळतं, बाहेरून तोंड पोचत नाही. पिवळीची वेळ जवळ आली तशी वाटीने अलगद, पाण्यासकट तिला त्यात सोडली. जाळी वापरली नाही.

एका दुपारी प्रांजली शाळेतून आली तर डालग्यात पिवळीखाली धुक्यासारखं काहीतरी हलत होतं. नखाएवढी पिल्लं. प्रांजलीने पुढे वाकून बोट हलवलं, तसं सगळं धुकं झपकन आईच्या तोंडात शिरलं आणि तोंड मिटलं. ते पाहून परमेश्वर गल्ला सोडून आला. मग ते पुन्हा बाहेर येईपर्यंत तिथेच उभा राहिला. मागे कुणीतरी हिशोबासाठी हाका मारत होतं.

फ्रीज आला, पण तो परमेश्वरने आपल्या गल्ल्याशेजारी, स्वतःची खुर्ची सरकवून बसवून घेतला. आता त्याला अवघडून बसावं लागतं.

आणि परवा कडूबा भज्याचा तुकडा घेऊन सवयीने पेटीकडे वळला, तेव्हा त्याला सांडूबाबाने नाही, परमेश्वरनेच अडवलं.

"कडूबाभाऊ, हात मागं घ्या," तो म्हणाला. "लेकुरवाळी हाय ती."

कडूबाने तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. पेटीपुढे एक परगावचं पोरगं उभं होतं, आणि प्रांजली त्याला समजावत होती, की मासा आजारी वाटला तर आधी हात लावायचा नाही. सांडूबाबा खुर्चीत मागे रेलून ऐकत होता. जबड्याखाली बघायचं ती विसरली, असं त्याला वाटलं. तेवढ्यात तिने तेही सांगितलं.